बारा पानांपर्यंत

जानेवारी २०२१. इंग्लंडमध्ये टाळेबंदी होती, म्हणून दरवर्षी गावच्या सभागृहात होणारी बीट उत्पादकांची बैठक त्या वर्षी संगणकाच्या पडद्यावर झाली. मी त्यांचा पीक सल्लागार. सफोकमधल्या एका वयस्क शेतकऱ्याने विचारलं, "पिवळा रोग सोसणारा नवा वाण आलाय म्हणे. थोड्या रानात लावून बघू का?" मी म्हणालो, "लावू नका. रोग नसला तर तो उत्पादनात मागे पडतो, आणि रोग आला तर तीन विषाणूंपैकी एकच सोसतो. औषध लावलेल्या बियाण्याला सरकारने परवानगी दिली आहे, ते घ्या."

एवढं ठामपणे मी आयुष्यात फार कमी वेळा बोललो असेन. बाकीच्यांनी ते टिपून घेतलं. आज मला ते उत्तर चुकीचं वाटतं. तसं त्या शेतकऱ्यांना इंग्रजीत सांगून झालं आहे. मराठीत लिहितो आहे, कारण वाणाबद्दलचा माझा हेका इंग्लंडमध्ये तयार झालेला नव्हता. तो मी घरून घेऊन आलो होतो.

माझं गाव वाळवा तालुक्यातलं. घरचा ऊस. कृषीची पदवी घेतली, कीटकशास्त्र शिकायला इंग्लंडला आलो आणि बीटच्या पट्ट्यातच राहिलो. बेरी सेंट एडमंड्सच्या साखर कारखान्याचं धुराडं लांबून दिसतं. कारखाना सप्टेंबरच्या सुमाराला पेटतो आणि साधारण फेब्रुवारीपर्यंत चालतो. रस्त्यावर भरलेल्या गाड्या, डांबरावर चिखल, हवेत उकळत्या रसाचा वास. गळीत हंगाम म्हणजे काय, हे मला इथे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. उसाच्या मोळीऐवजी मातीतून उपटलेले पांढरट कंद येतात, एवढाच फरक. कंदात सोळा-सतरा टक्के साखर असते.

या पिकाचा इथला मोठा शत्रू म्हणजे हिरवा मावा. आपल्याकडे बटाट्यावर, मिरचीवर, तंबाखूवर येतो तोच. रस शोषून तो बीटचं जे नुकसान करतो ते किरकोळ असतं. खरं नुकसान तो सोबत आणतो त्या विषाणूंचं. एका विषाणूने पान केशरट-पिवळं आणि जाड होतं, घडी घातली तर कडकन मोडतं. दुसऱ्याने पिवळ्या पानावर तांबूस ठिपके उमटतात. पान पिवळं झालं की साखर कमी बनते. लागण लवकर झाली आणि विषाणू जहाल असला, तर कंदाचं उत्पादन निम्म्यावर येऊ शकतं.

मी नोकरीला लागलो तेव्हा हा रोग माझ्यासाठी पुस्तकातला होता. १९९४ पासून इथे इमिडाक्लोप्रिड लावलेलं बीटचं बियाणं वापरात आलं, पुढे थायमेथोक्झाम आलं. बीटचं बी गोळीसारखं लेप देऊन विकतात, त्या लेपातच औषध. रोप उगवलं की औषध मुळातून पानात चढतं आणि दहा-बारा आठवडे माव्याला पानावर टिकू देत नाही. शेतकऱ्याला पंप काढावा लागत नाही, सल्लागाराला रानात वाकावं लागत नाही. पहिले आठ हंगाम मी पिवळं पडलेलं शेत असं पाहिलंच नाही. वाणांची यादी आली की मी फक्त दोन रकाने वाचायचो, टनेज आणि साखर. कीड-रोगाचा रकाना असला तरी नजर त्यावरून घसरायची.

२०१८ मध्ये युरोपीय संघाने या दोन औषधांसह त्यांच्या गटातल्या तीन औषधांना उघड्या शेतात बंदी घातली. कारण मधमाश्या. तेव्हा मी प्रत्येक बैठकीत एक वाक्य म्हणायचो: बीटला पहिल्या वर्षी फूलच येत नाही, फुलण्याआधीच आपण ते काढतो, मग मधमाशी त्यावर येईलच कशी? वाक्य खरं आहे, पण अर्धं. गोळीवरच्या औषधाचा बराचसा भाग मातीत राहतो. पुढच्या पिकाच्या मुळांना आणि बांधावरच्या रानफुलांना तो मिळतो. हे मला माहीत होतं. मी ते बोलत नव्हतो. या सगळ्या कहाणीत मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे. न कळून झालेली चूक माणूस विसरतो, कळूनही गिळलेलं वाक्य घशात राहतं.

मग २०२० उजाडलं. हिवाळा उबदार गेला, त्यामुळे मावा थंडीत मेला नाही. फेब्रुवारीत विक्रमी पाऊस झाला, पेरणी लांबली. आणि मे महिना इंग्लंडमध्ये नोंदींच्या इतिहासातला सर्वांत कोरडा ठरला. बी कोरड्या मातीत पडून राहिलं, कुठे उगवलं, कुठे नाही. जी रोपं आली ती दोन-चार पानांवर अडकली. त्याच दिवसांत पंखी मावा उतरला. जुनी फवारणीची औषधं या माव्यावर फारशी चालत नाहीत, तो त्यांना केव्हाच सरावला आहे. उलट त्या फवाऱ्याने ढालकिडे आणि इतर मित्रकीटक मरतात. जुलैत मी एका टेकाडावर उभा राहिलो आणि खालच्या शिवारात पिवळे गोल दिसले. एका माव्यापासून सुरू झालेली लागण शेजारच्या झाडांना होत पसरते, म्हणून ती अशी गोल दिसते. ऑगस्टपर्यंत गोल एकमेकांना मिळाले. त्या वर्षी देशातलं सुमारे पाव पीक गेलं. फ्रान्समध्येही तीच दैना झाली.

त्या हंगामाने मला जे शिकवलं ते मी उलटं शिकलो. औषध काढलं आणि पीक गेलं, म्हणजे औषधाशिवाय बीट नाही, असा सरळ हिशेब मी मांडला. जानेवारीतल्या त्या बैठकीत मी जे बोललो ते याच हिशेबाने.

पण बंदी असतानाही दिलेल्या त्या परवानगीला एक अट होती. थंडीचं तापमान आणि माव्याच्या नोंदी घेऊन रॉथमस्टेड संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ मार्चच्या आरंभी रोगाचा अंदाज काढतात. अंदाज नऊ टक्क्यांच्या वर गेला तरच औषधी बियाणं पेरायचं होतं. तो आला ८.३७. त्या जानेवारी-फेब्रुवारीत कडाका पडला होता, मावा उशिरा आला. औषधी बियाण्याला त्या वर्षी हात लावता आला नाही, आणि पिवळा रोगही नावापुरताच दिसला. माझ्या हिशेबात हे कुठे बसवायचं, ते मला कळेना. औषध नव्हतं, वाण तेच होते, तरी पीक उभं राहिलं.

पुढच्या वर्षी, २०२२ मध्ये, अंदाज बराच वर गेला आणि औषधी बियाणं वापरता आलं. पण त्या वयस्क शेतकऱ्याने ते घेतलं नाही. औषधी बीटनंतर त्या रानात ३२ महिने फुलावर येणारं पीक घ्यायचं नाही, अशी अट होती, आणि त्याच्या फेरपालटात घेवडा होता. त्याने माझा सल्ला बाजूला ठेवून एकाच शेतात दोन वाण शेजारी शेजारी पेरले. एक नेहमीचा, टनेजवाला. दुसरा तो सोसणारा. बियाण्याला माव्याचं औषध नाही. मे महिन्यात मी झाडं मोजायला गेलो. इथला नियम असा आहे की बारा पानं होईपर्यंत चार झाडांमागे एक बिनपंखी हिरवा मावा दिसला की फवारायचं. तो दिसला, आणि मावाच मारणारं, मित्रकीटकांना कमी त्रास देणारं औषध एकदा फवारलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा गेलो. शेताच्या टोकाला, जिथे ट्रॅक्टर वळतो, माती दबून घट्ट झाली होती. तिथली झाडं खुरटी, आठ-आठ पानांची. वीस पावलं आत गेलं की त्याच वाणाची, त्याच दिवशी पेरलेली झाडं चौदा पानांची. मी गुडघ्यावर बसून दोन्हीकडची पानं उलटली. खुरट्या झाडांवर मावा मजेत होता, मोठ्या माव्यांभोवती पिल्लांची दाटी. मोठ्या झाडांवर थोडेच मावे होते, पिल्लं जवळजवळ नव्हतीच, आणि जे होते ते पानाला चिकटून निपचित. बोटाने ढकलले तरी हलेनात. पहिल्यांदा वाटलं फवारणीचा असर असेल. पण फवारा तर दोन्हीकडे सारखाच बसला होता.

दोन पानं डब्यात घालून घरी आणली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. हिरव्या माव्याचं अंग काचेसारखं असतं, आतलं बरंचसं दिसतं. खुरट्या झाडावरचा मावा आतून स्वच्छ होता. मोठ्या झाडावरच्या माव्यांच्या पोटात काळा डाग होता, काजळाचं बोट लावल्यासारखा. एकात नाही, जवळजवळ सगळ्यांत. जो रस ते प्यायले तो पोटातच काळा पडून साठला होता.

हे मी वाचलेलं होतं. सफोकमधल्याच ब्रूम्स बार्न संशोधन केंद्रात फार आधी याची नोंद झाली आहे, नेदरलँड्समध्ये अलीकडे त्यावर पुन्हा काम झालं आहे. बीटचं झाड बारा-चौदा पानांचं झालं की त्यात एक ताकद येते. त्याचा रस पिणाऱ्या माव्याच्या पोटात काळा थर साचतो, तो कमी पिल्लं देतो, लवकर मरतो. पाठ्यपुस्तकात ही एक ओळ असते. परीक्षेपुरती मी ती पाठ केली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली, आणि रात्री दीडपर्यंत एकेक मावा उलटून बघत बसलो.

माझं मत बदललं ते त्या टेबलावर. तोवर प्रतिकारशक्ती म्हणजे मला पिशवीवर छापलेला शब्द वाटायचा. कंपनी छापते, शेतकरी भुलतो, हंगाम संपला की शब्द पोकळ निघतो. ती झाडात खरोखर असते, पण तिला वय असतं, हे मला कळलं. कोवळ्या रोपात ती नसते. मग गोळीवरचं औषध इतकी वर्षं काय करत होतं? दहा-बारा आठवडे माव्याला रोखून रोपाला बारा पानांपर्यंत पोचवत होतं. पुढची लढाई झाड स्वतःच लढत होतं, आणि श्रेय औषधाला मिळत होतं. २०२० मध्ये झाडं दोन-चार पानांवर असताना मावा आला म्हणून पीक गेलं. २०२१ मध्ये मावा यायच्या आत झाडं मोठी झाली म्हणून वाचलं. मला जे हिशेबात बसत नव्हतं, ते आता बसलं.

त्या शेताची काढणी झाली तेव्हा मी हजर होतो. उन्हाळा फार कडक गेला होता, १९ जुलैला या देशात पहिल्यांदाच पारा चाळीसच्या वर चढला होता, त्यामुळे दोन्ही वाणांचं टनेज पडलेलंच होतं. दोन्हींत पिवळी झाडं होती. पिवळ्या झाडांखालचे कंद उपटून मी शेजारी शेजारी मांडले. एका शेतावरून आकडा सांगू नये, म्हणून सांगत नाही. पण सोसणाऱ्या वाणाचा कंद हाताला जड लागत होता. शेताच्या मालकाने माझ्याकडे बघून मान हलवली आणि ट्रॉलीकडे गेला. मला काही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग मी जुनं वाचायला घेतलं, आणि हा शोध किती जुना आहे ते कळलं. १९६० च्या दशकात केंब्रिजच्या वनस्पती पैदास संस्थेत जी. ई. रसेल नावाच्या शास्त्रज्ञाने नेमकं हेच हाती घेतलं होतं. कोणतं बीट माव्याला नकोसं होतं, कोणतं विषाणू सोसतं, हे निवडत त्याने मारिस व्हॅनगार्ड हा पिवळा रोग सोसणारा वाण दिला. पुढे स्वस्त आणि जोरकस औषधं आली आणि त्या वाटेची गरज कुणाला वाटेना. मलाही वाटली नव्हती. तीस-चाळीस वर्षं सलग निवड चालू राहिली असती तर २०२० मध्ये आपल्या हातात काय असतं, हा विचार मनातून जात नाही.

अमेरिकेत तर त्याहून आधीचा दाखला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिमेकडच्या आयडाहो-युटा भागात तुडतुड्यांनी पसरवलेल्या पानं मुरडणाऱ्या रोगाने कारखाने बंद पडले होते. तिथल्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी रोगट शेतातली तग धरलेली झाडं उचलून, त्यांचं बी धरत धरत १९३० च्या दशकात 'यूएस १' हा वाण बाहेर काढला आणि बीट त्या भागात टिकलं. उत्तर डकोटात बीटच्या मुळावरची माशी आहे, तिच्या अळ्या कंद खरवडतात. तिथल्या फार्गोच्या संशोधन केंद्राने तिला तोंड देणारं 'एफ १०१६' हे पैदास साहित्य दिलं. त्याच्या मुळात अळीच्या पोटातला पाचक रस अडवणारं प्रथिन बनवणारा जनुक सापडला. म्हणजे तिथेही झाड किडीच्या पोटातच लढतं आहे.

ही ताकद शोधायला लांब जावं लागतं, याचं कारण बीटच्या घराण्यात आहे. आजचं सगळं शुगरबीट अठराव्या शतकाअखेरीस आखार्ड नावाच्या शास्त्रज्ञाने प्रशियात निवडलेल्या पांढऱ्या सायलेशियन बीटच्या वंशातलं. घराणं लहान, त्यात साखरेसाठीच निवड होत गेली. नवं रक्त आणायचं तर समुद्रकाठच्या रानबीटाकडे जावं लागतं. ते सफोकच्या किनाऱ्यावर, दगडगोट्यांत, खाऱ्या वाऱ्यात आपोआप उगवतं. जाड, चकचकीत पान, मुळाला साखर बेताचीच. मी सुटीच्या दिवशी मुलीला घेऊन तिथे जातो आणि पानं उलटून बघतो. पूर्वी त्याच किनाऱ्यावर मी फक्त मासे खायला जायचो.

मी वाणाचा प्रचारक झालेलो नाही. त्या बैठकीत सांगितलेलं सगळंच खोटं नव्हतं. विषाणू तीन आहेत, आणि एक सोसणारा वाण बाकीच्या दोघांसमोर उघडाच असतो. निरोगी वर्षी त्याचं टनेज मागे राहतं, आणि ते टनेज म्हणजे कुणाच्या तरी कर्जाचा हप्ता असतो. शिवाय सोसणं आणि रोखणं यांत फरक आहे. सोसणारं झाड स्वतः उभं राहतं, पण विषाणू त्याच्या अंगात असतोच, आणि तिथून मावा तो शेजाऱ्याच्या शेतात नेऊ शकतो. म्हणून माव्याच्या पोटात काळा डाग लवकर पाडणारं, सहा पानांवरच पाडणारं झाड कुणी देईल, त्याची मी वाट पाहतो आहे. तोवर लवकर पेरणी, न दबलेली माती, दर आठवड्याला पानं उलटणं आणि सोसणारा वाण थोड्या रानात, हे सगळं मिळून चालवावं लागतं. ट्रॅक्टर वळतो त्या जागेची माती भुसभुशीत ठेवा, असं मी पूर्वी कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगतो.

हे सगळं मी आण्णांना, म्हणजे वडिलांना, फोनवर सांगितलं. २००२ साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला तेव्हा मी शाळा संपवत होतो. पानाच्या खाली कापूस पिंजल्यासारखा पांढरा थर, वर चिकटा, त्यावर काळी बुरशी. आम्ही पाठीवर पंप घेऊन उंच उसात शिरायचो, डोळे चुरचुरायचे. "औषधानं वाचलो आपण," असं मी नेहमी म्हणायचो, आणि कीटकशास्त्राकडे वळलो तोही त्यामुळेच. आण्णा पलीकडून म्हणाले, "औषधानं न्हाई रं. औषध मारलं की आठ दिवसांनी परत हाय तसाच. ती अळी न्हाई का आणली आपण, पोत्यात पानं घालून? तिनं खाल्ला मावा."

डिफाची अळी. ती असलेली पानं आम्ही दुसऱ्या गावातून पोत्यात घालून आणली होती आणि उसाच्या पानांना टाचली होती. टाचणारा मीच होतो. माझ्या आठवणीत पंप राहिला आणि पोतं गेलं. ज्या आठवणीवर मी माझं सगळं मत उभं केलं, ती आठवणच अपुरी होती.

जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने औषधी बियाण्याची परवानगी नाकारली. त्या दिवशी मला भीती वाटली नाही असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. वाटली. २०२० चे पिवळे गोल मी विसरलेलो नाही. पण वाणांची यादी करायला बसलो तेव्हा आधी कीड-रोगाचा रकाना वाचला.

२०२१ च्या त्या बैठकीला जे होते त्यांच्याकडे मी एकेक करून गेलो आणि माझा सल्ला परत घेतला. बहुतेकांनी ऐकून घेतलं. दोघांनी या वर्षीही टनेजवालाच वाण लावला आहे, तो त्यांचा अधिकार आहे. त्यांच्या शेतातली पानंही मी दर मंगळवारी उलटतो. आज सकाळी तिथली झाडं अकरा पानांवर होती.